पुठ्ठा, रेक्झिन आणि पद्मिनी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



निवृत्तीनंतर काय चाललंय, यावर प्रत्येकाने थोडं बोलावं असं संयोजकांनी कळवलं. कुणी शेतीवर बोललं, कुणी नातवंडांवर. मी जुन्या मोटारीच्या आतल्या सामानावर बोलणार आहे. दाराचे पॅड, छताचं कापड, डॅशबोर्डवरची बटणं हे सामान मी घरीच तयार करतो. पिंपळगावात पाय ठेवल्यापासून चौघांनी विचारलं, "कायले जपतं बे त्या डबड्याले?" त्यांनाही यात उत्तर मिळेल.

गाडी आहे वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी, 1984 चं मॉडेल. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. 1964 मध्ये 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून आलेली हीच गाडी 1974 पासून 'पद्मिनी' झाली. या शतकाच्या सुरुवातीला ती बनायची थांबली. तरी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्स्या धावत होत्या, तोवर तिच्या सामानाला गिऱ्हाईक होतं. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

माझ्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, पण आतून ती पार उसवली होती. आई पुढे बसली की कोपर टेकायच्या जागचा कुजलेला पुठ्ठा भुगा होऊन तिच्या लुगड्यावर पडायचा. घरात गाडी विकायची बोलणी सुरू झाली. इंजिनाला मेकॅनिक मिळत होता, दाराच्या पॅडला कुणीच मिळत नव्हतं.

दाराचा पॅड म्हणजे आत हार्डबोर्ड, वर पातळ फोम आणि त्यावर रेक्झिन. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं. पत्रा आणि बोर्ड यांच्यामधला प्लास्टिकचा कागद फाटला, की बोर्ड ते पाणी पितो आणि फुगतो. म्हणून जुन्या बोर्डावरून सरळ माप घेऊ नये, ते मोठंच येतं. त्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापावा, तो प्रत्यक्ष दारावर लावून पाहावा, आणि क्लिपांची व हँडलची भोकं दाराच्या पत्र्यावरून जुळवावीत.

एका बाजूचा पॅड पुरता कुजला असेल तर दुसऱ्या बाजूचा नमुना उलटा करावा. डावं दार आणि उजवं दार एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. सर, भूमितीच्या तासाला तुम्ही शिकवलेली सममिती मला चाळीस वर्षांनी अशी उपयोगी पडली! फक्त नमुन्यावर 'दर्शनी बाजू' असं लिहून ठेवावं, नाहीतर दोन्ही पॅड डावेच होतात.

बोर्ड 3 मिलिमीटरचा घ्यावा. भोक पाडताना मागे लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे कड फाटत नाही. मग दोन्ही बाजूंना आणि कडांना व्हार्निश द्यावं. एकाच बाजूला दिलं तर बोर्ड वाकतो. रेक्झिन चहूकडून दोन सेंटिमीटर जास्त कापावं. चिकटवायला रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं. एकदा टेकवलं की सरकत नाही, म्हणून मधून सुरुवात करून कडांकडे दाबत जावं. आपल्याकडे मे महिन्यात हे काम सकाळीच उरकावं. दुपारी सोल्यूशन पाहता पाहता सुकतं. शिवाय उष्णता सोसणारंच सोल्यूशन घ्यावं, नाहीतर उन्हात उभ्या गाडीत रेक्झिन सुटून येतं. छताचं कापड तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं. प्रत्येक कमानीची लांबी वेगळी, म्हणून काढतानाच तिला नंबर द्यावा.

बटणांसाठी साचा लागतो, आणि साचा म्हणजे काय हे चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावच्या शेजाऱ्यांना मी काय सांगावं! एक चांगलं बटण घेऊन त्याभोवती सिलिकॉन रबराचा दोन भागांचा साचा करायचा. पहिल्या भागाला व्हॅसलीन लावूनच दुसरा ओतायचा, नाहीतर दोन्ही एकजीव होतात. मग त्यात रंग कालवलेलं रेझीन ओतायचं. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. नातू म्हणाला, "आबा, थ्री-डी प्रिंटरवर काढू." काढावं, पण त्यात नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि विदर्भातल्या उन्हात डॅशबोर्ड त्याहून तापतो. तिथे एबीएस लागतं. आणि एक पथ्य कायम पाळावं. शोभेचं आणि सोयीचं सामान घरी करावं. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांना घरचा हात लावू नये.

आता 'कायले जपतं' याचं उत्तर. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. माझ्या गाडीला तिथवर जायला 2034 उजाडेल. पण मी जपतो ते त्या पाटीसाठी नाही. कारखाना बंद झाला की वस्तूचं माप फक्त शेवटच्या वस्तूतच उरतं. ती वस्तू कुजायच्या आत कुणी माप उतरवून घेतलं तर ती पुन्हा करता येते. नाही घेतलं तर हाताशी पैसा, हुन्नर, साहित्य सगळं असूनही काही करता येत नाही. हे गाडीपुरतं नाही. बैलगाडीच्या चाकाचं, तिफणीचं, आजीच्या हातच्या गोधडीचंही तसंच आहे. करणारा माणूस समोर आहे तोवरच त्याला विचारून घ्यावं.

म्हणून चारही दारांचे नमुने मी तपकिरी कागदावर उतरवले आहेत, मापं आणि भोकांच्या जागांसकट. एक संच आज सोबत आणला आहे. कार्यानुभवाच्या तासाला आपण ज्या खोलीत पुठ्ठ्याच्या फाइली केल्या, तिथे तो ठेवावा अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. कुणाच्या गोठ्यात पद्मिनी धूळ खात उभी असेल तर खुशाल छापून घ्या. आणि मुलांना गाडीशी देणंघेणं नसलं तरी चालेल. वस्तूवरून नमुना कसा उतरवायचा, एवढं त्यांनी त्यावरून शिकावं.

गाडी बाहेर वडाखाली उभी आहे. सर, बाई, चहा झाला की तुम्हाला एक फेरी मारून आणतो. कोपर बिनधास्त टेका.