वाईट आकड्याचं काय करायचं?

‘आमच्याकडे सगळे निर्णय डेटा बघूनच होतात,’ हे वाक्य हल्ली कुठल्याही कंपनीत पाहुण्याला चहाबरोबर ऐकायला मिळतं. भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर रंगीत आलेख हलत असतात. मी एवढंच विचारतो, की त्यातला वाईट आकडा सगळ्यांत आधी कोणाला दिसतो आणि त्याला पुढे काय करायची मुभा असते? बहुतेक ठिकाणी तो दिसतो कारकुनाला, आणि मुभा असते ती वर कळवण्याची. कधीकधी तर न कळवण्याचीच!

म्हणून आज गडचिरोलीची गोष्ट. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. आधी काय केलं, तर मोजलं. 1988 च्या सुमारास तिथे हजार जन्मांमागे 121 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. मोठं कारण न्यूमोनिया. तो ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायला हवं, पण हे मोजायचं होतं गावातल्या दायांनी, आणि त्यांच्यातल्या कित्येकींना तर बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं.

आपल्याकडचा साहेब म्हणाला असता, ‘या बायकांकडून कसला डेटा येणार?’ सर्चने साधनच बदललं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी पुढे. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. आणि खरी मेख पुढे आहे: औषधही दाईच्याच हातात होतं. मोजणारीनेच ठरवायचं, तिनेच द्यायचं. आकडा कुठल्या टेबलावर मंजुरीची वाट बघत बसला नाही.

पुढे नवजात बाळांसाठी 39 गावांत घरच्या घरी उपचार सुरू झाले. शेजारची 47 गावं तुलनेसाठी घेतली, दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून जन्म-मृत्यूंची नोंद पुन्हा ताडून पाहिली. आपल्या कामाचं यश आपणच मोजताना हात किती सैल सुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सरकारी मोजणी मात्र इतकी काटेकोर नव्हती: 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवलं, की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

2011 मध्ये केंद्र सरकारने आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर नेली. आनंदच आहे. पण त्यावेळच्या नियमात घरभेटींचे 250 रुपये मिळायला एक अट होती: बाळ आणि आई 42 दिवसांपर्यंत सुखरूप असायला हवीत. सगळ्या भेटी देऊनही बाळ गेलं, तर ताईचे पैसेही गेले. आता सांगा, तिच्या वहीत खरं काय ते यावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?