गाडी दिली, नाव राहिलं

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय दिला होता 'मोटार विमा आणि आपण'. विमा कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात मी एकतीस वर्षं काढली, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण विम्यावर बोलायला लागलो की दहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेत डुलक्या सुरू होतात, हा माझा घरचाच अनुभव आहे. म्हणून आज एका गाडीबद्दल बोलतो. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

आपल्या पार्किंगमध्ये लिफ्टच्या शेजारी पांढरी मारुती ८०० उभी असायची. कव्हर घातलेली. तिच्याखाली गेलेले चेंडू मोजले तर एक क्रिकेट क्लब निघेल. सोसायटी रजिस्टर झाली त्याच्या पुढच्या वर्षी, २००१ साली अण्णांनी ती घेतली. आपल्या आवारात आलेल्या पहिल्या चार-पाच गाड्यांपैकी एक. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की अण्णांची बेल वाजायची. माझ्या सौ.ला पित्ताशयाचा त्रास झाला तेव्हा मीही वाजवली आहे.

अण्णा २०२१ मध्ये गेले. त्यानंतर गाडी हललीच नाही. वहिनींना चालवता येत नाही, मुलगा परदेशात, मुलगी नाशिकला. गेल्या वर्षी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ही गाडी मला विकायची नाहीये. ह्यांची गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. मी एका मुलांच्या वसतिगृहाशी बोललेय, ते न्यायला तयार आहेत. फक्त आरसी बुक सापडत नाहीये. पण त्यांचा माणूस म्हणतो, काही हरकत नाही, एका कागदावर सही करून द्या, बाकी आम्ही बघतो."

हे "बाकी आम्ही बघतो" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगतो. हे मी आजवर सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ साली मी माझी जुनी स्कूटर एका संस्थेला दिली. काम चांगलं, माणसं चांगली. मी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, खरेदीदाराची जागा कोरी ठेवली, चावी दिली, पेढे खाल्ले आणि घरी आलो. विमा कंपनीत नोकरी करणारा माणूस हे करतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. संस्थेने ती वर्षभर वापरली, मग कुणाला तरी विकली, त्याने आणखी कुणाला. माझ्या सह्यांचे कोरे फॉर्म कुठल्या खणात पडून राहिले देव जाणे. २००० साली माझ्या दारात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. स्कूटरने एका पायी जाणाऱ्या माणसाला उडवलं होतं, त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. विमा संपलेला. चालवणारा कोण, मला माहीत नाही. पण आरटीओच्या दफ्तरी मालक मी. चार वर्षं तारखा केल्या. शेवटी तडजोड झाली आणि त्यात माझ्या प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम गेली. पैशांचं सोडा. तो माणूस कुबडी घेऊन समोरच्या बाकावर बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याच्या दृष्टीने मीच तो गाडीवाला.

संस्थेला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी फसवलं नाही, मी अर्धवट दिलं. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट स्पष्ट केली. तिथेही गाडी या हातातून त्या हातात गेली होती आणि नोंद पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसाने मालकांची साखळी शोधत फिरायचं नाही. कायदा म्हणून मला हे पटतं. स्वतःच्या खिशातून गेलं तरी पटतं.

तर वहिनींना मी म्हटलं, सही कशावरही करायची नाही. आधी आरसी.

आता लोकांना वाटतं आरसी बुक हरवलं म्हणजे गाडीच गेली. तसं नाही. मालकीची नोंद आरटीओत असते, आपल्याकडे असतो तो तिचा दाखला. तो हरवला तर दुसरा मिळतो. पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, ती जोडून फॉर्म २६ भरायचा. चेसिस नंबर कागदावर पेन्सिलने घासून त्याचा ठसा घेऊन ठेवा, पुढे मागतात. आम्ही तो घ्यायला गाडीत वाकलो तर वॉचमन धावत आला. त्याला वाटलं काका काहीतरी चोरतायत.

आमच्याकडे गुंता दोन ठिकाणी होता. पहिला, गाडी अण्णांच्या नावावर आणि अण्णा नाहीत. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. त्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात असणार? वहिनींना तर तेव्हा दार उघडायचं भान नव्हतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मुलाची आणि मुलीची संमती, हे सगळं आता गोळा करावं लागलं. मुलाचा कागद परदेशातून यायला दोन महिने लागले.

दुसरा गुंता बोज्याचा. अण्णांनी कर्ज काढून गाडी घेतली होती. कर्ज २००५ साली फिटलं, पण आरसीवरचं बँकेचं नाव कुणी काढलंच नव्हतं. त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. नव्या बँकेच्या शाखेत मी पाच खेपा घातल्या. पाचव्या खेपेला एका मुलीने जुन्या खात्याचा उतारा शोधून काढला. तिला मी पुढच्या दिवाळीत फराळ नेऊन दिला. तुमच्यापैकी ज्यांची गाडीची कर्जं फिटली आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर आरसीवर बँकेचं नाव आहे का ते बघा. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या आरसीवर असणार, पैज लावतो.

डुप्लिकेट आरसी हातात आली. आता वसतिगृहाला रीतसर देता येणार होती. दान असलं तरी हस्तांतर ते हस्तांतरच, फॉर्म २९ आणि ३० च. संस्थेचं नोंदणीपत्र, पॅन आणि सही कोण करणार त्याचा ठराव आपण मागून घ्यायचा. देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि नाव बदललेलं स्वतः बघेपर्यंत पेढे खायचे नाहीत.

पण मंडळी, ती वेळ आलीच नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. अण्णांनी २०१६ मध्ये केलं होतं, २०२१ मध्ये ते संपलं. एप्रिल २०२२ मध्ये जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली होती. त्यावर उशिराचा आकार, पर्यावरण कर, चार टायर, बॅटरी, ब्रेक. वसतिगृहाचा ड्रायव्हर येऊन गाडी बघून गेला. शहाणा माणूस. तो वहिनींना म्हणाला, "आजी, ही दुरुस्त करायला जेवढं लागेल तेवढ्यात आमच्या पोरांचा दोन महिन्यांचा किराणा येतो. आणि हिच्यात पोरं बसवायची मला भीती वाटते."

वहिनी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडावी यापेक्षा ती कुठेतरी चालत राहावी, हे त्यांच्या मनात जास्त होतं. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, "मोडीत काढू या, भाऊजी."

मोडीत म्हणजे रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे नाही. तिथे गाडीचे तुकडे होतात, पण नोंद जिवंत राहते आणि तुमचा चेसिस नंबर उद्या चोरीच्या गाडीवर बसू शकतो. सरकारमान्य नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत, २०२१ च्या नियमांनी झालेली. तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि वाहनाची नोंद रद्द होते. ते प्रमाणपत्र दाखवून नवीन गाडीच्या करात सवलतही मिळू शकते. केंद्राने गाडीच्या वजनावर पैसे दिले. वहिनींनी त्यात स्वतःची भर घालून वसतिगृहाला चेक दिला. एक गोष्ट सांगून ठेवतो. वस्तू दान केली तर आयकरात देणगीची वजावट मिळत नाही, पैसे दिले तर मिळते. रोख २,००० च्या वर चालत नाही, म्हणून चेक.

गाडी न्यायला क्रेन आली तेव्हा वहिनी खाली आल्या नाहीत. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती मी काढून वर नेऊन दिला.

एवढं सगळं झाल्यावर गेल्या महिन्यात रौप्यमहोत्सवी समितीने सगळ्यांचे शेअर सर्टिफिकेट तपासायला मागवले. वहिनींनी फाईल उघडली. शेअर सर्टिफिकेटच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत अण्णांनी नीट घडी घालून ठेवलेलं आरसी बुक! वहिनी इतक्या हसल्या की मग रडायला लागल्या. ते पुस्तकही आम्ही आरटीओत नेऊन जमा केलं.

त्याच फायलीत सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म होता. तीन प्रती, तिन्ही कोऱ्या. तो मात्र त्यांनी त्याच दुपारी भरून ऑफिसात दिला. ज्यांचे राहिले असतील त्यांच्यासाठी सेक्रेटरीसाहेबांनी आज टेबलावर फॉर्म ठेवले आहेत, चहाच्या शेजारीच.