वादळ ओसरल्यानंतरची तयारी

वादळाची सूचना आली की आपण पत्रे बांधतो, खिडक्या लावून घेतो, मुलाबाळांना घरात बोलावतो. ते करायलाच हवं. पण ही तयारी वादळ डोक्यावर असतानाच्या काही तासांपुरती असते आणि घराचा खरा कस लागतो तो त्यानंतर. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचा तो वारा त्याच दिवशी ओसरला. विजेचे खांब मात्र हजारोंनी आडवे झाले होते. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांतल्या कितीतरी गावांत वीज यायला काही आठवडे गेले. म्हणून मी म्हणतो, की तयारी वाऱ्यापुरती न करता विजेविना काढाव्या लागणाऱ्या दिवसांसाठी करावी.

यावर कुणी म्हणेल, आमचे आजोबा कंदिलावरच राहिले की! राहिले खरे, पण त्यांच्या विहिरीवर रहाट होता, आपल्या विहिरीवर पंप आहे. वीज गेली की पंप थांबतो, गावची नळपाणी योजना थांबते, एटीएम बंद पडतं आणि मोबाइल टॉवरची बॅटरी संपली की फोनही मुका होतो. उजेडाआधी पाण्याची अडचण होते. तेव्हा सूचना मिळताच हंडे, कळशा, टाकी भरून घ्या. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरा आणि निदान तीन दिवसांची बेगमी करा. विहीर असेल तर दोर आणि बादली हाताशी असू द्या. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर विहीर साफ होऊन तपासणी होईपर्यंत ते पिऊ नका. थोडी सुटी रोकड, पंधरा दिवसांची नेहमीची औषधं आणि टॉर्चचे सेल घरात हवेत. नातेवाइकांचे आणि डॉक्टरांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण बंद पडलेल्या फोनमधले नंबर उपयोगी पडत नाहीत. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रीज बंद पडल्यावर ते कसं आणि किती दिवस ठेवायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे,’ असंही काहीजण म्हणतील. पण इन्व्हर्टरला चार्ज व्हायला वीजच लागते. त्याची सोय काही तासांची. जनरेटर अधिक टिकतो, मात्र तो घराबाहेर मोकळ्या जागेतच चालवायला हवा, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. शिवाय चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला, तर प्रवाह उलटा लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेततं. तुटून पडलेली तार तर मेलेली समजूच नका. तिच्यापासून लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

तिसरा आक्षेप अंदाजांबद्दलचा. वादळ कधी वाट बदलतं, मग एवढा खटाटोप फुकट जातो, असं वाटतं. पण त्यात फुकट काय गेलं? भरलेलं पाणी वापरलं जातं, औषधं संपतात, सेल टॉर्चमध्ये जातात. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही, लागतो तो आधीचा वेळ. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे तयार राहा आणि रेड अलर्ट म्हणजे तातडीने कृती करा. पाणी, औषधं आणि रोकड यांची कामं ऑरेंजलाच उरकायची, कारण रेडच्या वेळी घराबाहेर पडणंच धोक्याचं असू शकतं. घरातलं कोणतं काम कुणी करायचं आणि शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे कुणी जायचं, हे आजच ठरवा. अरबी समुद्रात वादळं पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळा सरल्यावर अधिक होतात. म्हणजे ही तयारी वर्षातून दोनदा तपासली तरी पुरे.