मूल जेवत नाही, तर जबाब कोणाचा?

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मूल वाळलं की ‘आईचं लक्ष नाही’, मूल सुटलं की ‘आईने लाडावून ठेवलंय’. हा निवाडा आपण सगळ्यांनी ऐकलाय. शास्त्रीय मोजमापातही तो कसा शिरतो, ते आज मांडायचं आहे.

२००१ साली अमेरिकेत लीन बर्च आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दोन ते अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, ३१ प्रश्नांची. मुलाला खाऊ घालण्याची जबाबदारी कितपत तुमची? ताट संपवायला लावता का? गोडधोडावर बंदी घालता का? नजर ठेवता का? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण.

याचा उपयोग आहेच. याच अभ्यासकांच्या प्रयोगांत दिसलं, की समोरच्या खाऊवर बंदी घातली की मुलाचं मन तिकडेच ओढ घेतं. २००६च्या एका प्रयोगात ‘सूप संपव’ असा लकडा न लावलेल्या वेळी मुलं जास्त प्यायली. तेव्हा ‘खा, नाहीतर पोलीस येईल’ हे आपणही सोडायला हवं.

पण कागदावर ‘पालक’ असलं, तरी अशा प्रश्नावल्या बहुतेक वेळा आयाच भरतात. मग दोषही आईच्याच पदरी. पैसा कोणाच्या हाती? बाजार कोण करतं? चिप्सचा पुडा मुलाच्या हातात कोण ठेवतं? वडीलच भाजीला नाक मुरडतात का? हे या ३१ प्रश्नांत येत नाही.

आणखी एक. दूध-अंडं आधी मुलाला, उरलं तर मुलीला. आई शेवटी बसते, खरवड खाते. ते रोज पाहणारी मुलगी काय शिकते? हीही खाण्याची सवयच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणं अनेक आहेत. पण बाईच्या ताटात काय पडतं हे न पाहता तो आकडा उमगणार नाही.

म्हणून वस्तीत पाहणी करताना बापाला, सासूलाही वेगळं विचारा. एक दिवस नुसतं बघा : कोणी वाढलं, आधी कोण जेवलं, शेवटी काय उरलं. मुलीचं आणि मुलाचं ताट वेगवेगळं नोंदवा.

मोजायचंच असेल, तर अख्खं घर मोजूया. आईला एकटीला तराजूत बसवणं आता पुरे.