टायरवरचा खरा आकडा



माउंटन बाइकचा, म्हणजे बोलताना आपण जिला सरसकट ‘गिअरची सायकल’ म्हणतो तिचा, टायर झिजला की नवा कोणता घ्यायचा, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. यात बोलण्यासारखं काय, असं आपल्याला वाटेल. दुकानात जायचं, ‘सव्वीस इंची द्या’ म्हणायचं. पण सव्वीस इंची या एकाच नावाने वेगवेगळ्या मापांचे टायर विकले जातात आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

याचं कारण असं. हे इंच मोजले जातात ते हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेला, आणि तेही ढोबळ. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास त्यातून कळत नाही. टायर जाडजूड असेल तर आतली रिम लहान, बारीक असेल तर रिम मोठी. बाहेरून दोन्ही सव्वीसच. लेडीज सायकलला लागणारा २६ × १ ३/८ टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर सव्वीस इंची माउंटन बाइकची रिम असते ५५९ मिलिमीटरची. आणखी एक गंमत पाहा. गणिताच्या तासाला १.७५ आणि १ ३/४ एकच. टायरच्या बाबतीत मात्र २६ × १.७५ हा ५५९ चा आणि २६ × १ ३/४ हा ५७१ चा. माउंटन बाइकच्या टायरवर दशांश चिन्ह असतं. अपूर्णांक दिसला की तो टायर दुसऱ्या सायकलचा समजावा.

हा ५५९ चा आकडा आला अमेरिकेतून. श्विन कंपनीने १९३३ साली तिथे फुगीर, जाड टायरच्या सायकली आणल्या. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली तरुण मंडळी त्याच जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगर उतरू लागली. माउंटन बाइक जन्माला आली ती अशी, आणि तिने त्या सायकलींचं चाकाचं माप तसंच पुढे चालवलं.

आता मुद्द्याचं. जुन्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. उठावदार अक्षरांत ५०-५५९ असा, मधे आडवी रेघ असलेला आकडा शोधा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवरच्या बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. नव्या सायकलींपैकी २७.५ इंचीला ५८४ आणि २९ इंचीला ६२२ लागतो. नावांवर विसंबू नये, ते यासाठीच: दुधवाल्याच्या जुन्या दांडीच्या सायकलला लागणारा २८ × १ १/२ टायर बसतो ६३५ च्या रिमवर. म्हणजे अठ्ठाविसाची रिम एकोणतिसापेक्षा मोठी!

पहिल्या आकड्यात थोडी मोकळीक असते. ५० च्या जागी ४७ किंवा ५४ बहुधा चालतो. मात्र रुंद टायर घेण्यापूर्वी फ्रेम आणि फोर्कपाशी जागा पाहा. दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळे राहायला हवेत, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक जाम होतं. नक्षीचाही विचार करा. मोठमोठ्या बटणांचा टायर दिसायला रुबाबदार, पण रोजचा रस्ता डांबरी असेल तर ती बटणं नुसती घरघरतात, लवकर झिजतात आणि पायांना जास्त दमवतात. अशा वापराला मधली पट्टी सलग असलेला टायर बरा.

ट्यूबही त्याच मापाची हवी आणि तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात बसणारा हवा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जात नाही. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब कापली जाते.

आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा मध्यंतरी सायकल घेऊन आला. “काका, टायर नवा आहे, आकडाही तोच आहे, पण सायकल उड्या मारते.” मी चाक फिरवून पाहिलं. टायरच्या कडेलगत एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. याची एका जागी आत गडप झाली होती. म्हणजे कड तिथे नीट बसलेलीच नव्हती. हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं, पुन्हा हवा भरली आणि टायर बसला. मुलगा दुसऱ्या दिवशी सिंहगडावर जाणार होता. चढताना कदाचित काही झालं नसतं; पण घाटात वेगाने उतरताना पुढचा टायर रिम सोडून निघाला, तर ब्रेक असून नसल्यासारखे. म्हणून टायर बसवल्यावर रेघ पाहा, बाजूला बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरतंय ना पाहा, आणि हवा टायरवर छापलेल्या मर्यादेतच भरा.

शेवटी, घरोघरी जिन्याखाली उभ्या असलेल्या जुन्या सव्वीस इंची सायकलींविषयी. ‘या मापाचं आता मिळत नाही, नवीच घ्या’ असं ऐकून कितीतरी धडधाकट सायकली भंगारात जातात. ५५९ चे टायर आजही बनतात. एका दुकानात नसतील तर आकडा कागदावर लिहून दुसऱ्या दुकानात विचारा. फ्रेम शाबूत आणि रिम सरळ असेल, तर दोन टायर आणि दोन ट्यूब एवढ्यावर ती सायकल पुन्हा रस्त्यावर येईल.



(नभोवाणीवरील भाषण, संपादित)