संघाचा वस्ताद कसा निवडावा?



गावच्या तालमीत नवा वस्ताद आणायचा असला, की पारावर कशी चर्चा रंगते, ती तुम्ही ऐकली असेलच. एक म्हणतो, ‘बाहेरचा आणा, त्याला नवे डाव येतात.’ दुसरा म्हणतो, ‘आपलाच बरा, त्याला आपली पोरं ठाऊक.’ तिसऱ्याला मात्र एवढंच ठाऊक असतं, की आधीचा वस्ताद गेला पाहिजे! भारताच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षक कसा निवडावा, हा माझा आजचा विषयही त्याच जातीचा आहे. मी काही ह्या खेळातला पंडित नव्हे. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. त्यांचे सामने शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहत मी लहानाचा मोठा झालो. माझा अधिकार एवढाच.

आता अलीकडचा इतिहास पाहा. २०१९ साली क्रोएशियाचे इगोर स्टिमाच आले. जून २०२४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आपण बाद झालो आणि त्यांना काढण्यात आलं. त्या जागेसाठी २९१ अर्ज आले. निवड झाली स्पेनच्या मानोलो मार्केझ यांची. गृहस्थ अनुभवी, पण त्या हंगामात ते एफसी गोवा संघाचेही प्रशिक्षक राहिले. दोन डगरींवर हात ठेवून नदी ओलांडता येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्यांच्या हाताखाली भारत आठ सामने खेळला आणि एकच जिंकला. जुलै २०२५ मध्ये तेही गेले. पुन्हा जाहिरात निघाली, पुन्हा १७० अर्ज आले. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांचं नाव जाहीर झालं. तेरा वर्षांनी संघाची धुरा भारतीय माणसाकडे आली होती. मुंबईच्या संघांतून खेळलेला हा माणूस. त्यांनीच २०१७ साली मिझोरामच्या छोट्याशा आयझॉल संघाला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. मला मनापासून आनंद झाला.

तो आनंद फार दिवस टिकला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असं हरवलं. पहिला गोल आपला होता, तरीही हरलो, आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. खरं सांगतो, त्या रात्री मीसुद्धा म्हणून गेलो, ‘बदला हा प्रशिक्षक!’ अडीच महिन्यांपूर्वी पेढे वाटायला निघालेला माणूस मीच होतो. दुसऱ्या दिवशी माझं मलाच हसू आलं. थोडी लाजही वाटली.

तेव्हा माझ्या मनात आलं, की आपण निवडतो तरी कशाच्या जोरावर?

पहिली गोष्ट. क्लबचा प्रशिक्षक आणि देशाचा प्रशिक्षक ह्यांचं काम एक नव्हे. क्लबवाल्याला खेळाडू रोज भेटतात. देशाच्या प्रशिक्षकाला ते वर्षातून थोड्याच वेळा आणि तेही मोजक्या दिवसांसाठी मिळतात. नवा खेळाडू त्याला विकत घेता येत नाही. घरात जे धान्य आहे, त्याचीच भाकरी थापायची. आपल्या मोठ्या क्लबांत गोल करण्याची जागा बहुधा परदेशी खेळाडूकडे असते. मग देशाच्या संघाला गोल करणारा गडी कुठून मिळणार? ही उणीव कुठलाही प्रशिक्षक आठ दिवसांच्या शिबिरात भरून काढू शकत नाही. म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न असा विचारावा: ‘बाबा रे, आहे ह्या गड्यांना घेऊन, मिळतील त्या दिवसांत तू काय करशील?’

दुसरी गोष्ट. देशी की परदेशी, हा वाद मला पोकळ वाटतो. इंग्लंडचे बॉब हाउटन यांच्या काळात आपण २०११ च्या आशिया चषकात पोचलो, स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या काळात २०१९ च्या. तेव्हा बाहेरचा म्हणून कुणाला नाकारू नये. पण आपल्या सगळ्यांत मोठ्या यशामागे उभा होता तो आपलाच माणूस, आणि पेशाने होता शिक्षक!

गुरुजनहो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम शाळेत शिकवत असत. लोक त्यांना रहीमसाहेब म्हणत. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये काय झालं? युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव! आपले कित्येक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. एवढी नाचक्की झाल्यावर आजचे आपण काय केलं असतं, ते सांगायला नकोच. पण रहीमसाहेबांवर पुन्हा विश्वास टाकला गेला. १९५६ साली मेलबर्नला भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं आणि तीन गोल केले ते गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसूझाने. १९६२ साली जाकार्तात पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी हरलो. मग रहीमसाहेबांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंगला बचावातून काढून आघाडीला खेळवलं. अंतिम सामन्यात तोच कोरिया समोर आला. जर्नेलने गोल केला, आपण २-१ असे जिंकलो. कोणत्या पोराला कुठे उभं करावं, हे ओळखणारा तो खरा मास्तर. आजारी शरीराने त्यांनी ते सुवर्ण आणलं आणि १९६३ साली कर्करोगाने त्यांना नेलं.

आणि तिसरी गोष्ट ह्यातूनच निघते. १०-१ पासून मेलबर्नपर्यंत चार वर्षं लागली, सुवर्णापर्यंत दहा. प्रशिक्षक निवडताना आपण त्याची परीक्षा घेतो; परंतु आपल्या धीराची परीक्षा कोण घेणार? पेरणी झाल्यावर रोज रोप उपटून मूळ किती धरलं ते पाहिलं, तर पीक येईल का? त्याचं चुकत असेल तर जरूर विचारावं. पण किती वर्षांत काय हवं, हे नेमतानाच ठरवावं आणि मग तो शब्द दोघांनीही पाळावा.

नाव आज एक असेल, उद्या दुसरं. निवडीची वेळ पुन्हा पुन्हा येणारच. पुढच्या वेळी पारावर ही चर्चा निघाली, तर ‘देशी का परदेशी’ हे मागाहून विचारा. आधी एवढंच विचारा, की त्याला वेळ किती देणार आणि त्याच्या हाती मुलं कुठली देणार? ह्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्लीत नाही. ते तुमच्या शाळेमागच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर फाटक्या चेंडूमागे धावत असतं. गुरुजी, घरी निघण्यापूर्वी घटकाभर तिकडे बघा.