ध्रुव, अरुंधती आणि ताऱ्यांच्या गती



विवाहविधीत वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याचा आपला प्राचीन प्रघात आहे. हा विधी शिकविताना पाठशाळेतील विद्यार्थी एक शंका वारंवार विचारतात : ध्रुवही ढळतो असे ज्योतिर्विद सांगतात, तर मग वधूला अढळ म्हणून काय दाखवावयाचे? शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तरही तितकेच प्रामाणिक असले पाहिजे.

त्यासाठी ताऱ्यांच्या तीन गती ओळखून घ्याव्या लागतात. पहिली दैनंदिन गती. तारे पूर्वेस उगवून पश्चिमेस मावळताना दिसतात. पण ही गती वस्तुतः पृथ्वीची आहे. नावेतून पुढे जाणाऱ्यास तीरावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच हे आहे, असे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात सांगितले. ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञाने हे मत स्वीकारले नाही. पुढे मात्र तेच खरे ठरले. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. म्हणून प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवतो. पृथ्वीचा अक्ष ज्या दिशेस रोखलेला आहे, तिकडचा तारा तेवढा जागच्या जागी दिसतो. तोच आपला ध्रुव.

दुसरी गती त्या अक्षाची. फिरणारा भोवरा जसा डुलतो, तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत आकाशात एक वर्तुळ काढतो. यालाच अयनचलन म्हणतात. त्यामुळे ध्रुवपद एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी कालेय तारकासमूहातील ठुबान हा तारा त्या स्थानी होता. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी तेजस्वी अभिजित त्या स्थानाजवळ येईल. आजचा ध्रुवही नेमका त्या बिंदूवर नाही. चंद्रबिंबाच्या रुंदीहून किंचित अधिक अंतरावर राहून तो रोज एक लहानसे वर्तुळ काढतो.

तिसरी गती ताऱ्यांची स्वतःची, म्हणजे निजगती. स्वाती, व्याध यांसारखे तारे प्राचीन ग्रीकांनी नोंदलेल्या स्थानांपासून सरकले आहेत, हे एडमंड हॅले याने १७१८ मध्ये दाखविले. स्वाती सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर वेगाने धावत आहे. तथापि तो आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे चंद्रबिंबाच्या रुंदीइतके अंतर सरकावयास त्याला सुमारे ८०० वर्षे लागतात. आपला सूर्यही ग्रहमालेसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरत आहे. सारांश, आकाशात सर्वथा अचल असे काहीच नाही.

आता सप्तर्षींकडे पाहू. १८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर याच्या ध्यानी आले की, या सातांपैकी पाच तारे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने चालले आहेत. क्रतु आणि मरीचि यांचे मार्ग मात्र निराळे आहेत. त्यामुळे काही सहस्र पिढ्यांनी ही आकृती आज दिसते तशी राहणार नाही. त्या पाचांत वसिष्ठ आहे आणि त्याच्याजवळची मंद अरुंधतीही त्याच समूहात त्याच्याबरोबर चालत आहे. सुमारे ८० प्रकाशवर्षांवरून आपण त्यांची जी जोडी पाहतो, ती केवळ दृष्टीचा भास नव्हे. त्यांचा सहप्रवास खरा आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांना मी सांगतो ते असे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ध्रुवबिंदू अर्ध्या अंशाहूनही कमी सरकतो. संसार करणाऱ्यास, वाट शोधणाऱ्यास, नाव हाकणाऱ्यास तेवढे स्थैर्य पुरेसे आहे; म्हणून ध्रुव निःशंकपणे दाखवावा. अरुंधती दाखविताना मात्र एवढे अधिक सांगावे की, हे दोघे स्थिर आहेत म्हणून एकत्र आहेत असे नाही. दोघेही अखंड चालत आहेत, आणि चालताना त्यांनी एकमेकांची सोबत सोडलेली नाही. वधूवरांना याहून उत्तम आशीर्वाद कोणता द्यावा?

विधीचा अर्थ सत्याच्या ज्ञानाने उणा होत नाही, तो अधिक उजळतो, अशी माझी नम्र श्रद्धा आहे.